बिलात नसलेला डबा

दुकानदाराने बिलात पैसे जास्त लावले तर ते आपल्याला दुकानाच्या दारातच कळतं. दोन्ही हातांत पिशव्या असोत, चष्मा घरी राहिलेला असो, मागच्याची ढकलगाडी टाचेला लागत असो, मशीनमधून निघालेला कागद अजून कोमट असतानाच आपण थबकतो आणि म्हणतो, "अहो, तूरडाळ एकच घेतलीय, दोन कशा लावल्या?" शाळेत गणितात काठावर सुटलेली माणसं या क्षणी मनातल्या मनात वीस कलमांची बेरीज करतात, त्यातून सूट वजा करतात आणि चूक किती रुपयांची आहे ते पैशांसकट सांगतात.

बिल कमी लागलं असेल तर मात्र ते घरी कळतं. नेहमी घरीच. सामान डब्यांत भरून झालं, चहा झाला, की कोणीतरी चाळा म्हणून बिल उलगडतं आणि त्याच्या भुवया वर जातात. दारात तीच नजर त्याच कागदावरून फिरलेली असते, पण तेव्हा तिला काही खटकलेलं नसतं. एकूण आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला की आपण तो तपासत नाही. आपल्याला आपल्याच काटकसरीचं कौतुक वाटतं.

घरी कळण्यात एक सोयही असते. दुकानात कळलं तर तिथल्या तिथे काहीतरी करावं लागतं. घरी कळलं की चर्चेवर भागतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे अशी एक चर्चा झाली. फराळासाठी शेंगदाणा तेलाचे पाच-पाच लिटरचे दोन डबे आणले होते आणि बिलात डबा एकच होता. काउंटरवरच्या मुलीने एक डबा मशीनसमोर धरला असणार, 'नग दोन' असं टाकायला ती वळली असणार आणि नेमकं तेव्हाच पलीकडून कोणीतरी 'ताई, या साबणावर एक फुकट आहे ना?' असं विचारलं असणार. दुसरा डबा कुठेच नोंद न होता आमच्या पिशवीत आला. आता तो ओट्यावर उभा होता आणि घरातले सगळे त्याच्याकडे बघत होते.

पहिलं मत आईने दिलं. "दिवाळीच्या दिवसांत घरात चालून आलंय. आलेल्या लक्ष्मीला परत पाठवू नये."

"आई, लक्ष्मी नाही, तेल आलंय," ही म्हणाली. "आणि तेही शनिवारी. शनिवारी तेल आणू नये म्हणून तुम्हीच सकाळी बोललात मला."

आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "शनिवारी तेल *विकत* आणू नये. हा डबा विकत कुठे आणलाय?"

त्या दिवशी पुढे बऱ्याच जणांनी बरंच काही सांगितलं, पण इतका बिनतोड मुद्दा पुन्हा कोणाला सुचला नाही. एका वाक्यात शनीही सुटला आणि दुकानदारही.

आमच्या सोसायटीचे माजी खजिनदार समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतात. पद गेलं तरी त्यांचा हिशेब काही गेलेला नाही. दार उघडं दिसलं म्हणून ते आत आले, डब्याची हकिकत ऐकली आणि खुर्ची ओढून बसले. "परत? कशाला परत? उलट माझंच येणं आहे त्यांच्याकडून."

खजिनदारांच्या डोक्यात एक उघडं खातं आहे. ग्राहक म्हणून त्यांच्यावर आजवर झालेला प्रत्येक अन्याय त्यात नावे टाकलेला आहे. बिस्किटांचा पुडा तेवढाच राहिला आणि आतली बिस्किटं कमी झाली. वेफर्सच्या पाकिटात वेफर्सपेक्षा हवा जास्त निघाली. पेटीतल्या वरच्या थराचे हापूस पिवळेधमक आणि खालच्या थराचे लोणच्याचे. आणि सगळ्यात मोठी रक्कम सुट्ट्या पैशांच्या बदल्यात मिळालेल्या चॉकलेटांची. "मला मधुमेह आहे," ते म्हणाले. "तरी ती सगळी चॉकलेटं मी खाल्ली. का? कारण ते माझे पैसे होते."

त्यांच्याकडे कात्रणांची फाइलही आहे. चंडीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये बाटा कंपनीला तीन रुपयांच्या कागदी पिशवीपायी एकंदर ९,००० रुपये भरायला लावले, हे कात्रण तिच्यात पहिलं. त्याखाली अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा कायदा. तिथे मशीनने वस्तूसाठी दाखवलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे लावले, तर ग्राहकाला फरक मिळतोच, शिवाय फरकाच्या दहापट बक्षीस मिळतं. निदान एक डॉलर, जास्तीत जास्त पाच. खजिनदारांच्या मते हा कायदा महाराष्ट्रात आला तर निवृत्तांना वेगळ्या पेन्शनची गरज उरणार नाही.

मी विचारलं, "आणि मशीनने कमी पैसे लावले, ते गिऱ्हाइकाने सांगितलं, तर त्याला काही बक्षीस?"

"त्याची तरतूद दिसत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली.

या उघड्या खात्यातली गोम सरळ आहे. येणं सगळ्या बाजाराकडून असतं आणि वसुली जो सापडेल त्याच्याकडून. चॉकलेटं दिली मेडिकलवाल्याने, पिशवीचे पैसे घेतले कपड्यांच्या दुकानाने, हापूस फसवा निघाला वाशीच्या पेटीतला, आणि आता डबा ठेवून घ्यायचा या चौथ्याचाच. सोसायटीच्या हिशेबात असं कोणी केलं असतं तर याच खजिनदारांनी लेखापरीक्षकाला बोलावून त्याला उभा जाळला असता.

तेवढ्यात पुतण्या खोलीतून बाहेर आला. तो हिंजवडीला नोकरी करतो, त्यामुळे त्याला नीती-अनीतीचं काही वाटत नाही, फक्त सिस्टिमचं वाटतं. "काका, याला श्रिंकेज म्हणतात. चोऱ्या, फुटतूट, बिलातल्या चुका, सगळं मोठी दुकानं आधीच धरून चालतात. तुमचा डबा त्यांच्या किमतीत ऑलरेडी आहे. परत दिलात तर त्यांचं गणित बिघडेल."

म्हणजे डबा ठेवून घेणं ही दुकानाला एक प्रकारे मदतच होती. घरात तीन पक्ष झाले: लक्ष्मीवाले, वसुलीवाले आणि मदतवाले. तिघांची कारणं वेगळी, पण डबा तिघांच्याही हिशेबात ओट्यावरून हलत नव्हता. मला यात एक गोष्ट कायम नवलाची वाटते. जे आपलं आहे ते ठेवून घ्यायला कधी कारण लागत नाही. पहिल्या डब्याबद्दल त्या संध्याकाळी कोणी अवाक्षर काढलं नाही.

मग मी कायद्यावर आलो. घरातल्या कर्त्या पुरुषाचं काही चालेनासं झालं की तो कायद्यावर येतो. भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे आणि त्याचं ७२ वं कलम सांगतं की, चुकून दिले गेलेले पैसे किंवा चुकून हवाली झालेली वस्तू घेणाऱ्याने परत केली पाहिजे. त्यात दुकान मोठं की लहान हे विचारलेलं नाही, आणि 'डबा ओट्यावर आल्यास' असा अपवादही नाही.

"१८७२?" खजिनदार म्हणाले. "म्हणजे इंग्रजांचा कायदा."

इंग्रजांनी या विषयात आणखीही एक गंमत करून ठेवली आहे. १९५३ मध्ये बूट्स नावाच्या औषधांच्या दुकानाच्या खटल्यात त्यांच्या न्यायालयाने सांगितलं की, फळीवर किंमत लावून मांडलेली वस्तू म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नव्हे. आपण ती उचलून गल्ल्यापाशी नेतो, तेव्हा प्रस्ताव आपण मांडतो आणि तो स्वीकारायचा की नाही हे दुकान ठरवतं. त्यामुळे तिथल्या दुकानात पाटीवर चुकून शून्य कमी पडलं, तर 'लिहिलंय म्हणजे द्यायलाच पाहिजे' असं टेबल आपटून म्हणण्यात आवाज असतो, कायदा नसतो. आपल्याकडेही करार कायद्याच्या वर्गात हाच खटला शिकवतात.

पुतण्याला मात्र कायद्यापेक्षा बातम्या पाठ असतात. त्याच्या पिढीला तेलाच्या डब्यात रस नाही. किंमत चुकलेल्या वस्तूंची खबर त्यांच्याकडे ग्रुपवर येते आणि ती आली की रात्री दीड वाजता माणसं मिक्सर मागवतात. त्याने ओडिशाचं उदाहरण काढलं. २०१४ साली अ‍ॅमेझॉनवर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने तो मागवला, ऑर्डर पक्की झाल्याचं कळवलं गेलं, आणि मग किमतीत घोळ आहे म्हणून ती रद्द झाली. पोरगा ग्राहक मंचात गेला. २०२१ मध्ये राज्य आयोगाने भरपाई, दंड आणि खर्च मिळून त्याला ४५,००० रुपये द्यायला सांगितले.

"बघा!" खजिनदार उठून उभे राहिले. "दोन लॅपटॉप आले त्यात!"

म्हणून मला सिंगापूरला जावं लागलं. २००३ च्या जानेवारीत तिथल्या डिजिलँडमॉल या संकेतस्थळावर एचपीचा एक लेझर प्रिंटर ६६ सिंगापूर डॉलरला दिसू लागला. त्याची खरी किंमत होती ३,८५४. कर्मचाऱ्यांना शिकवताना कोणीतरी नमुन्यादाखल टाकलेला आकडा थेट खऱ्या दुकानात जाऊन बसला होता. चूक लक्षात येईपर्यंत ७८४ जणांनी मिळून ४,०८६ प्रिंटर मागवले होते. कंपनीने हात वर केले. तेव्हा त्यातले सहा मित्र कोर्टात गेले: सौदा झाला म्हणजे झाला, आमचा माल आम्हाला द्या. या सहा जणांचा माल होता १,६०६ प्रिंटर.

या सहांचं चित्र मला फार आवडतं. मध्यरात्र झाली आहे, एक मित्र दुसऱ्याला उठवतो आहे, दुसरा तिसऱ्याला. कोणाच्याही घरी छापायला दोन पानं नाहीत. पण हात थांबत नाही: दहा, शंभर, आणखी शंभर. माणसं अडाणी नव्हती, चांगली शिकलेली होती, त्यांच्यात वकीलही होते. कोर्टात त्यांनी सांगितलं की, किंमत चुकली असेल असं आमच्या मनातही आलं नाही. पण रात्रीच त्यांच्यातल्या काहींनी इंटरनेटवर या प्रिंटरची खरी किंमत शोधून पाहिली होती, आणि त्यांच्या आपसातल्या गप्पाही न्यायाधीशांसमोर आल्या. निकाल कंपनीच्या बाजूने लागला, २००५ मध्ये अपिलातही तो टिकला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की, समोरचा चुकतो आहे हे कळत असूनही जो त्याची चूक झडप घालून उचलतो, त्याला सौद्याच्या पावित्र्यावर बोलता येत नाही.

माझं मतही या दोन्ही निकालांच्या मधेच कुठेतरी पडतं. ओडिशाच्या पोराने एक लॅपटॉप मागवला. तो त्याला वापरायचा होता, आणि आपल्याकडे दिवाळीच्या सेलमध्ये एक रुपयात मोबाइल देतो म्हणून सांगणारे असतात, तेव्हा १९० ला लॅपटॉप ही चूक की जाहिरात हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाला दोष देणं जड जातं. पण एक माणूस शेकड्यांनी प्रिंटर मागवू लागला की तो स्वतःच सांगत असतो, मला सगळं कळलंय. नग किती मागवले ते बघा, मनात काय होतं ते आपोआप दिसतं.

"आपण एकच डबा आणलाय," आई म्हणाली. कायद्याचा अर्थ तिला फार लवकर लागतो.

कायदा बाजूला ठेवला, तरी अशा वेळी माणसं प्रत्यक्षात काय करतात हेही मोजून झालं आहे. इस्रायलमध्ये काही संशोधकांनी एका रेस्टॉरंटमध्ये जाणूनबुजून चुका करून पाहिल्या. बिलाचे पैसे घेतल्यावर वेटरने उरलेल्या सुट्ट्यांत कधी दहा शेकेल जास्त ठेवायचे, कधी चाळीस. असं १९२ वेळा केलं. त्यातल्या १२८ वेळा गिऱ्हाइकांनी मुकाट्याने पैसे खिशात घातले. म्हणजे दर तिघांतले दोघे. यात दुःख करण्यासारखं काही असेल, पण मला मजा वाटते ती पुढच्या भागाची. चाळीस शेकेल मिळालेल्यांनी दहावाल्यांपेक्षा जास्त वेळा पैसे परत केले. लोभ रकमेबरोबर वाढतो म्हणतात, तसं झालंच नाही. दहा शेकेल माणूस सहज पचवतो, कारण दहा शेकेलसाठी 'अहो, ऐका' म्हणून वेटरला हाक मारणं त्याला चोरीपेक्षा लाजिरवाणं वाटतं. आकडा मोठा झाला की त्याला स्वतःचं नाव ऐकू येऊ लागतं. आणि नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकांनी एकदाच आलेल्यांपेक्षा जास्त वेळा पैसे परत दिले. कारण उघड आहे. ज्याच्याकडे उद्या पुन्हा जेवायचंय त्याचे दहा शेकेल अंगावर ठेवून घास घशाखाली उतरत नाही.

हे आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला कुठल्याही संशोधनाशिवाय ठाऊक आहे. तो रद्दी कागदावर पेन्सिलीने बेरीज करतो आणि त्याच्या बेरजेत चुका होतात, असा आमच्या आळीचा समज आहे. मला त्याची शंका येते. चाळीस रुपये कमी लावलेले तो दोन दिवस धरून बसतो. तिसऱ्या दिवशी आपण दुधाची पिशवी घ्यायला गेलो की मान खाली घालूनच म्हणतो, "वहिनी, परवाचे चाळीस राहिले होते वाटतं." त्याआधीच आपण आपणहून दिले, तर तो काही बोलत नाही, पण महिनाअखेरीला ज्यांना बिनबोभाट उधारी मिळते त्या यादीत आपलं नाव जातं. चाळीस रुपयांत माणूस पारखून मिळतो, त्याला ते महाग नाही. अलीकडे क्यूआर कोड आला आणि ही परीक्षाही गेली. ५४० च्या जागी कोणी चुकून ५४ टाकले की गल्ल्यावरची पेटी 'चौपन्न रुपये मिळाले' असं सबंध रांगेला ऐकवते. चूक चारचौघांत झाली की प्रामाणिक राहण्यावाचून गत्यंतर नसतं.

मोठ्या दुकानात ओळखीचं असं कोणी नसतं. तिथे चूक 'कंपनीची' असते, आणि कंपनी ही अशी गोष्ट आहे की तिचा डबा नेला तर तिला तो लागतही नाही आणि दिसतही नाही. हा समज आपल्या फार सोयीचा आहे. वास्तविक चूक भरून काढणारं कोणीतरी नेहमी असतं, आणि ते फारसं वर बसलेलं नसतं.

एसटीच्या कंडक्टरचं बघा. सुट्टे नसले की तो तिकिटाच्या पाठीवर पेनाने आकडा लिहून द्यायचा. तिकिटावर 'बाकी १५' असलं, की खिडकीतून कितीही गार वारा येवो, माणसाला झोप लागत नसे. आपला स्टॉप यायच्या दोन गावं आधीच तो उठून कंडक्टरजवळ जाऊन उभा राहायचा. पण त्याच कंडक्टरने गर्दीत पन्नासची नोट समजून शंभराची दिली, तर तोच माणूस पहिल्या वळणाला घोरत असे. रात्री डेपोत वेबिलाप्रमाणे भरणा करताना जे कमी पडेल ते कंडक्टरने स्वतःच्या खिशातून घालायचं असतं. आपल्या खिशात आलेले पन्नास महामंडळाच्या तिजोरीतून आलेले नसतात. ते त्याच्या घरच्या भाजीतून आलेले असतात.

कायद्यालाही हे मान्य आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात पगारातून काय काय कापता येई त्याची यादी होती, आणि ज्या पैशांचा हिशेब देणं कामगाराकडे असे ते त्याच्या हयगयीने गेले, तर तेही कापता येत. कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यायची, एवढं सौजन्य त्यात होतं.

"पण काका, इथे कॅश जुळलीय," पुतण्या म्हणाला. "डबा स्कॅनच झाला नाही. त्या मुलीच्या गल्ल्यात एक रुपया कमी पडला नसणार. फक्त स्टॉकमध्ये एक डबा कमी दिसेल."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी पुढचा कायदा आठवत होतो, तेवढ्यात ही म्हणाली, "आणि स्टॉकमध्ये डबा कमी दिसला की संशय कोणावर घेतील? तुझ्यावर? तिथे डबे रचणारी पोरं आहेत. रात्री घरी जाताना त्यांच्या पिशव्या उघडून बघतात, खिसे चाचपतात. मी बघितलंय. उद्या जास्त वेळ चाचपतील."

यावर श्रिंकेजवाल्याकडे उत्तर नव्हतं. खजिनदारांनी फाइल काखेत मारली. आई म्हणाली, "मला काय, मी फक्त लक्ष्मीचं बोलले." दुसऱ्या दिवशी डबा परत न्यायचा ठरला.

इथपर्यंतचा भाग सोपा होता. परत देणाऱ्याच्या मनात एक छोटंसं दृश्य तयार असतं. शाळेच्या पुस्तकातली ती लाकूडतोड्याची गोष्ट आपल्या अंगात भिनलेली आहे; खरं बोललं की देवता सोन्याची कुऱ्हाडही देते. माणूस वीस रुपये परत करतो आणि तिथेच अर्धं मिनिट घुटमळतो. निदान समोरच्याने वर बघावं. 'आजकाल असे लोक कुठे राहिलेत' एवढं तरी म्हणावं. समोरचा नोट गल्ल्यात टाकतो आणि म्हणतो, "पुढे व्हा."

आम्हाला तर आतच जाता येईना. दारावरच्या सुरक्षारक्षकाने डबा पाहिला. "मॅडम, बाहेरचं तेल आत नेता येत नाही."

"बाहेरचं नाही, इथलंच आहे."

"मग बिल दाखवा."

हिने बिल दाखवलं. त्याने ते वरपासून खालपर्यंत बोट लावून वाचलं. "यात एकच डबा आहे."

"तो घरी आहे. हा दुसरा."

"याचं बिल?"

"नाही. म्हणूनच आलोय."

त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. त्याच्या नोकरीत बिल नसलेला डबा घेऊन बाहेर पळणारे त्याने पाहिले असतील. बिल नसलेला डबा घेऊन आत घुसणारे पहिलेच. डबा त्याने आपल्या पायाशी ठेवून घेतला आणि आम्हाला मदत केंद्राच्या खिडकीकडे पाठवलं. दिवाळीची रांग होती.

खिडकीतली मुलगी शांत होती. "माल परत करायचाय? सात दिवसांच्या आत चालेल. कोणत्या बिलातला?"

"बिलातला नाही. बिलाबाहेरचा. परत नाही करायचा, पैसे द्यायचेत."

"कशाचे?"

"डब्याचे."

"कुठाय डबा?"

"वॉचमनकडे."

मागच्या रांगेतून कोणीतरी "लवकर आटपा, आम्हालाही घरं आहेत" म्हणालं. हे मला लोकांना सांगावंसं वाटतं: फसवणाऱ्या माणसाचा रांगेला काहीच त्रास नसतो, तो झटकन निघून जातो. रांग अडते ती प्रामाणिक माणसामुळे. मुलीने संगणकावर तीन-चार ठिकाणी बोट दाबून पाहिलं. दुकानाने चुकून जास्त घेतलेले पैसे परत देण्याची सोय त्यात होती, खराब माल बदलून देण्याची होती, कूपन संपल्यावर हळहळ व्यक्त करण्याचीही असावी. गिऱ्हाइकाकडून राहिलेले पैसे घेण्याची नव्हती. "काका, सिस्टिम घेत नाहीये," ती म्हणाली.

सुपरवायझर आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतलं, आणि मग त्याला युक्ती सुचली. "मॅडम, तुम्ही असं समजा की हा डबा तुम्ही आजच उचललाय. मी इथे स्कॅन करतो, तुम्ही पैसे भरा. विषय संपला."

इतकं सोपं होतं. मशीनने डबा ओळखला, 'पीक' असा आवाज केला आणि पडद्यावर आकडा आला: ९४५.

"त्या दिवशी ८९९ ला होता," ही म्हणाली.

"ती ऑफर काल संपली, मॅडम."

"पण हा डबा त्या दिवसाचा आहे."

"आत्ताच तुम्ही आजचा समजलात."

त्यानंतर जे झालं त्याला मी साक्षीदार आहे. नऊशे रुपये आपणहून द्यायला आलेल्या बाईने सेहेचाळीस रुपयांसाठी त्या सुपरवायझरला घाम फोडला. हक्काचे सेहेचाळीस आणि दुसऱ्याचे नऊशे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्या डोक्यात लख्ख होतं आणि तिच्या आवाजातही. मघाशी घरांची आठवण करून देणारी रांग आता आमच्या बाजूने बोलू लागली, कारण मुद्दा जास्त पैसे लागण्याचा होता आणि तो सगळ्यांना दारातच कळतो. शेवटी सुपरवायझरने कोणाला तरी फोन केला, कसलासा सांकेतिक क्रमांक टाकला, ८९९ घेतले आणि म्हणाला, "ही नोंद करावी लागेल. नंबर सांगा." अर्जात 'सूचना', 'कौतुक' आणि 'तक्रार' असे तीन रकाने होते. त्याने थोडा विचार केला आणि 'तक्रार' वर खूण केली.

चार दिवसांनी हिच्या मोबाइलवर निरोप आला. आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण करण्यात आले आहे, आमच्या सेवेला १ ते ५ पैकी गुण द्या. त्या वेळी खजिनदार चकल्या खायला आलेले होते. त्यांनी शून्य देता येतं का ते विचारलं. हिने दोन दिले.

"दोन तरी कशाला?" ते म्हणाले.

"ती खिडकीतली मुलगी शेवटपर्यंत हसून बोलली," ही म्हणाली. "आणि वॉचमनने डबा गाडीपर्यंत उचलून आणून दिला. बाकी तीन सेहेचाळीस रुपयांचे कापले."